सात घरांचा चौक: चार्ल्स कोरिया यांच्या कार्यालयाने रचलेल्या बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजचे परीक्षण

नवी मुंबईतल्या सीबीडी बेलापूरच्या सेक्टर ८ मध्ये, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, आर्टिस्ट व्हिलेज नावाची वसाहत आहे. तिथल्या सात घरांच्या एका चौकात आम्ही १९९८ पासून राहतो. इमारतींची परीक्षणे बहुधा त्या नव्या असताना लिहिली जातात. तेव्हा भिंतींचा रंग ताजा असतो, झाडे नुकतीच लावलेली असतात आणि राहायला आलेल्या माणसांनी अजून कशाला हात लावलेला नसतो. मला हे परीक्षण दुसऱ्या टोकाकडून लिहायचे आहे. ही वसाहत १९८३ ते १९८६ या काळात उभी राहिली, म्हणजे तिने चाळीसएक पावसाळे पाहिले आहेत. वास्तुरचनेचे विद्यार्थी आजही वही आणि कॅमेरा घेऊन येथे येतात आणि पुष्कळदा हिरमुसतात, कारण छायाचित्रांत पाहिलेली कौलारू घरे त्यांना आता मोजकीच सापडतात. त्यांना मी ओट्यावर बसवते, पाणी देते आणि सांगते की घरे थोडा वेळ बाजूला ठेवा, घरांच्या मधली जागा पाहा. ज्या कार्यालयाने ही वसाहत रचली त्याने मानलेली मूल्ये आज कुठे शिल्लक असतील, तर ती त्या मधल्या जागेत आहेत, असे माझे इतक्या वर्षांच्या राहणीतून बनलेले मत आहे.

हे काम वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या मुंबईच्या कार्यालयाने सिडकोसाठी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळासाठी, केले. कोरिया यांचा जन्म १९३० साली सिकंदराबादला झाला. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात आणि एमआयटीत शिकून ते परतले आणि १९५८ साली त्यांनी मुंबईत स्वतःचे कार्यालय सुरू केले. कार्यालयाच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक म्हणजे साबरमती आश्रमातले गांधी स्मारक संग्रहालय, जे १९६३ साली पूर्ण झाले. विटांचे खांब, वर कौले, सहा मीटर लांबी-रुंदीचे एकाच मापाचे चौरस, त्यांतले काही भिंतींनी बंद केलेले, काही उघडे ठेवलेले, आणि मध्ये पाण्याचा हौद, एवढीच त्याची सामग्री आहे. मी ते संग्रहालय प्रथम पाहिले तेव्हा आमच्या चौकाचे मूळ तिथे आहे असे मला वाटले. लहान आणि साधा घटक घ्यायचा, तो पुन्हा पुन्हा मांडायचा आणि त्या घटकांच्या मध्ये जी आभाळाखालची जागा तयार होते तिलाच घरातल्या खोलीइतका मान द्यायचा, ही रीत अहमदाबादपासून बेलापूरपर्यंत सलग दिसते. हे कार्यालय केवळ साधेपणाचे काम करीत होते असे मात्र नाही. दक्षिण मुंबईतली कांचनजंगा ही श्रीमंतांच्या घरांची उंच इमारत त्यांचीच, आणि ती ज्या वर्षी पूर्ण झाली त्याच १९८३ साली बेलापूरचे काम सुरू झाले. दोन्हींत आकाशाला खुल्या जागेचाच विचार आहे. तिथे तो दोन मजली उंचीच्या गच्च्यांतून आला, आमच्याकडे तो शेणसडा घालता येईल अशा अंगणातून आला.

एखाद्या कार्यालयाला समाजाची चाड आहे की नाही, हे ओळखण्याची माझी एक खूण आहे: कोणी काम दिलेले नसताना त्या कार्यालयाने काय केले. १९६४ च्या सुमारास मुंबईतली कामाची ठिकाणे दक्षिणेच्या चिंचोळ्या टोकावरच एकवटत असताना कोरिया, वास्तुरचनाकार प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल या तिघांनी खाडीच्या पूर्वेला नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. ते काम त्यांना कोणत्याही ग्राहकाने दिलेले नव्हते. पुढे १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि पहिली काही वर्षे कोरिया नवी मुंबईचे मुख्य वास्तुरचनाकार होते. १९८४ साली त्यांनी मुंबईत नगररचनेच्या अभ्यासासाठी अर्बन डिझाईन रिसर्च इन्स्टिट्यूट ही संस्था उभी केली, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात राष्ट्रीय नागरीकरण आयोगाचे अध्यक्षपद सांभाळले, आणि २०११ साली गोव्यात त्यांच्या नावाचे प्रतिष्ठान सुरू झाले. २०१५ साली ते गेले. घर, मोहल्ला आणि शहर हे तीन वेगळे विषय आहेत असे या कार्यालयाने कधी मानले नाही, आणि आमच्या वसाहतीचा आराखडा समजून घेण्यासाठी एवढे पुरेसे आहे.

याच ठिकाणी एक गोष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. नवी मुंबईसाठी ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांची जमीन घेतली गेली. ती आगरी-कोळी समाजाची भातशेती, मिठागरे आणि खाजणे होती. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच जणांनी प्राण गमावले. त्या लढ्यातूनच पुढे, ज्यांची जमीन गेली त्यांना तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. आमच्या घरांचे जोते भरले जात होते तो हाच काळ. दिवाळे गावातून मासळी घेऊन येणाऱ्या मावशी आमच्या ओट्यावर पाटी उतरवतात, तेव्हा कधी कधी डोंगराकडे हात करून सांगतात, "बाई, इथं आमच्या मामाचं भात होतं." समतेचे मूल्य मानणाऱ्या रचनेचे कौतुक करताना ती रचना ज्या जमिनीवर उभी आहे तिचा हा इतिहास वगळला, तर ते कौतुक अर्धवट राहील. आराखड्याच्या आत समता होती. आराखड्याच्या सीमेबाहेर ज्यांचे गेले त्यांच्यापर्यंत ती किती पोहोचली, हा प्रश्न उरतोच.

आता प्रत्यक्ष रचनेकडे येते. सुमारे ६ हेक्टरांच्या जागेत साडेपाचशेच्या आसपास कुटुंबांची सोय करायची होती, आणि लोकवस्तीची घनता हेक्टरी ५०० माणसांची होती, म्हणजे एकरी सुमारे दोनशे. एवढी माणसे वसवायची म्हटल्यावर आज कोणीही सरळ उंच इमारती काढेल. येथे मात्र एक-दोन मजल्यांची सुटी घरे आहेत आणि प्रत्येकाच्या पायाखाली स्वतःची जमीन आहे. हे जमले ते मांडणीमुळे. सात घरे एका चौकाभोवती ठेवली आहेत आणि तो चौक साधारण आठ मीटर लांब-रुंद आहे. असे तीन चौक, म्हणजे एकवीस घरे, मिळून साधारण बारा मीटरच्या मोठ्या मोकळ्या जागेभोवती येतात. त्या एकवीस घरांचे तीन गट पुन्हा एकत्र येऊन साधारण वीस मीटरच्या आणखी मोठ्या जागेला वेढतात. वसाहतीच्या मधून पावसाचे पाणी वाहून नेणारा ओढा जातो आणि सगळ्यांत मोठ्या मोकळ्या जागा त्याच्या बाजूला आहेत. एवढी तीन मापे लक्षात ठेवली की वसाहतीत वाट चुकत नाही, कारण जागा मोठी होत गेली की आपण सर्वांच्या हद्दीत चाललो आहोत आणि लहान होत गेली की कोणाच्या तरी घराजवळ आलो आहोत, हे पायांनाच कळते.

आठ मीटर म्हणजे सव्वीस फूट. माझ्या बारा-तेरा पावलांत चौक संपतो. या मापाचा मी पुष्कळ विचार केला आहे. समोरच्या ओट्यावर बसलेल्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येते, पण त्याच्या घरात चाललेले बोलणे आपल्याला ऐकू येत नाही. मूल धावू शकते, पण नजरेआड होत नाही. चौकात दोन खाटा आणि सतरंजी टाकली की कोजागरीला सात घरांची माणसे बसतात आणि कोणाला उभे राहावे लागत नाही. मे महिन्यात साबुदाण्याच्या पापड्या घालायच्या असल्या की सकाळी नऊपर्यंत समोरच्या तीन घरांपुढे ऊन असते, नंतर ते सरकत आमच्या बाजूला येते, म्हणून पापड्यांचे प्लॅस्टिकही दिवसभरात सरकत सरकत चौक ओलांडते; कोणाच्या पापड्या कोणी उलटल्या याचा हिशेब ठेवला जात नाही. गणपतीत आरतीची वेळ घरांच्या क्रमाने ठरते आणि एकाच ताम्हनातला कापूर सातही घरी फिरतो. हे सगळे माणसांच्या चांगुलपणावर चालते असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. परंतु चौक चाळीस फुटांचा असता किंवा घरे वीस असती, तर हाच चांगुलपणा कुठून सुरू करायचा हे कळले नसते.

सात या आकड्याबद्दलही असेच म्हणावेसे वाटते. लग्नाआधी मी ठाण्यात नौपाड्यातल्या एका चाळीत वाढले. चाळीच्या गॅलरीवर मी मनापासून प्रेम केले आहे, पण ती गॅलरी वाट होती. तिथे बसणारा माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला अडचण व्हायचा आणि एका मजल्यावरच्या बावीस बिऱ्हाडांत जिना धुण्याची पाळी कोणाची, यावरून दर महिन्याला वाद व्हायचा. येथे सात घरे आहेत. एखाद्या घराने आपल्या वाट्याची झाडलोट केली नाही तर ते बोलून दाखवावे लागत नाही, कारण सहा जणांना ते दिसलेले असते आणि सातव्याला आपले दिसले आहे हे ठाऊक असते. मोठ्या सोसायट्यांत ज्यासाठी समिती, ठराव आणि दंड लागतो, ते काम येथे दाराशी उभे राहून एकमेकांकडे पाहण्यातून होते. वसाहतीतली मोठी मैदाने मात्र इतक्या निगुतीने राखली जात नाहीत, हेही सांगितले पाहिजे. बारा मीटरची जागा एकवीस घरांची म्हणून बऱ्यापैकी सांभाळली जाते. वीस मीटरच्या जागेत कोपऱ्यावर बांधकामाचा राडारोडा आठवडेच्या आठवडे पडून राहिलेला मी पाहिला आहे. जागेचा धनी किती जणांत वाटला गेला आहे, त्यावर तिची निगा ठरते.

कोरिया भारतीय वस्तीतल्या मोकळ्या जागांची एक चढती साखळी मांडत असत: आधी घराची खासगी जागा, मग उंबरठ्याबाहेरची ओळखीची जागा, मग सार्वजनिक नळ किंवा विहीर असते तशी मोहल्ल्याची भेटण्याची जागा, आणि शेवटी सगळ्या गावाचे मैदान. घर, ओटा, पाणवठा आणि मैदान असे शब्द घेतले तर आपल्याकडच्या कोणत्याही खेड्यातल्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही. या साखळीतली एक कडी काढली तर तिची भरपाई दुसऱ्या कडीत करावी लागते, आणि उंच इमारतींत नेमका ओटा आणि पाणवठा गळून जातो. मग घराचे दार उघडले की थेट लिफ्ट येते. माझ्या ठाण्यातल्या नातेवाइकांच्या इमारतीत उत्तम बाग आहे, पोहण्याचा तलाव आहे, पण दाराबाहेर दोन खुर्च्या टाकून बसण्याची सोय नाही, आणि माझ्या वृद्ध मामींना बागेपर्यंत जाणे झेपत नाही. त्यांना हवी होती ती दुसरी कडी.

घरांच्या बाबतीत कार्यालयाने जे ठरवले होते त्यातली दोन तत्त्वे मला सर्वांत मोलाची वाटतात. पहिले समतेचे. वसाहतीत निरनिराळ्या उत्पन्नगटांची कुटुंबे असणार होती आणि त्यांच्या घरांच्या किमतींत मोठी तफावत होती. तरीही भूखंडांची मापे ४५ ते ७५ चौरस मीटरांच्या आतच ठेवली गेली. सर्वांत लहान भूखंड पाचशे चौरस फुटांहून थोडा कमी आणि सर्वांत मोठा आठशेच्या आसपास, म्हणजे पावणेदोन पटींचाही फरक नाही. ज्याच्याकडे पैसे कमी होते त्याला बांधलेले घर लहान मिळाले, पण जमीन जवळजवळ तेवढीच मिळाली. आमचे घर मूळचे लहान गटातले. शेजारच्या मोठ्या घराचे मालक वरिष्ठ अधिकारी होते आणि आम्ही दोघे कारकून. पण चौकात उभे राहिल्यावर कोणाचे घर कोणत्या गटातले होते हे बाहेरच्याला सांगता आले नसते. माझ्या मुलांच्या वाढण्यावर याचा जो परिणाम झाला, त्याबद्दल मी या आराखड्याची ऋणी आहे.

दुसरे तत्त्व घर वाढू देण्याचे. कोणतेही घर शेजारच्या घराच्या भिंतीला भिंत लावून बांधलेले नाही, त्यामुळे प्रत्येकाला आपल्या सोयीने, हातात पैसा येईल तसे, खोली वाढवता येते. बांधकामही मुद्दाम साधे ठेवले होते: भार पेलणाऱ्या भिंती, उतरते कौलारू छप्पर, गावातल्या गवंड्याला आणि सुताराला सहज जमेल असे सगळे. घर बांधण्याचा आणि पुढे वाढवण्याचा पैसा स्थानिक कारागिरांच्या हाती जावा, हा त्यामागचा हेतू होता. साधारण याच काळात बाळकृष्ण दोशी यांच्या कार्यालयाने इंदूरला अरण्य वसाहत रचली, जिथे कुटुंबाला जोते, संडास-मोरी आणि पाण्याची सोय देऊन उरलेले घर ज्याचे त्याने बांधायचे होते. त्या कामाला १९९५ साली वास्तुरचनेचा आगाखान पुरस्कार मिळाला. दोन्हीकडे वास्तुरचनाकाराने आपल्या हातातला शेवटचा शब्द राहणाऱ्याच्या हाती दिला. हे धाडसाचे आहे, कारण त्यानंतर जे होईल त्यावर त्याची सही नसते आणि नाव मात्र त्याचेच घेतले जाते.

ते स्वातंत्र्य कसे वापरू नये, हे आम्ही अनुभवातून शिकलो. २००७ साली मुले मोठी झाली म्हणून वर एक खोली चढवायची ठरली. ओळखीतून एक ठेकेदार मिळाला. त्याने कौले उतरवली, कॉलम उभे केले, स्लॅब टाकला आणि चौकाच्या बाजूला तीन फुटांचा छज्जा बाहेर काढला. "सगळेच काढतात" असे त्याचे म्हणणे होते आणि आम्हीही हरकत घेतली नाही. स्लॅबला उतार नीट दिला गेला नव्हता. पहिल्याच पावसात वर घोटाभर पाणी साचले आणि पन्हळीतून जे उतरले ते शेजारच्या आजींच्या भिंतीवर. जूनच्या शेवटी त्यांच्या देवघरातला गिलावा फुगला. पाण्याची गोष्ट डोळ्यांना दिसत होती. दुसरी गोष्ट आम्हाला हिवाळ्यापर्यंत कळली नाही. डिसेंबरात आजी त्यांच्या ओट्यावर सकाळी आठला उन्हात बसत असत. त्या वर्षी त्या तिथे बसल्या, थोड्या वेळाने खुर्ची उचलून चौकाच्या मध्यावर आणून बसल्या, आणि मी विचारल्यावर एवढेच म्हणाल्या, "सूनबाई, आता तिकडे ऊन दहाला येतं गं." आमच्या तीन फुटांनी त्यांचे दोन तास घेतले होते.

तो ठेकेदार पुन्हा फिरकला नाही. आम्ही बेलापूर गावातला एक जुना गवंडी गाठला, ज्याच्या वडिलांनी या वसाहतीच्या बांधकामावर काम केले होते. त्याने आधी चौकात उभे राहून सातही घरांकडे पाहिले आणि मग आमच्या घरात पाऊल टाकले. छज्जा तोडायचा आणि वरचे छप्पर पुन्हा उतरते करायचे, असे त्याने सांगितले; पागोळ्या आपल्याच अंगणात पडल्या पाहिजेत ही त्याची अट होती. पश्चिमेच्या भिंतीत मला खिडकी हवी होती. तो म्हणाला, "ताई, ही भिंत बंदच राहू द्या. इथं खिडकी काढली तर थेट आजींच्या मोरीत नजर जाते. मूळ बांधणाऱ्यानं उगाच नाही सोडली ती." त्याऐवजी त्याने अंगणाच्या बाजूला छपराखाली उंचावर झरोका काढून दिला. त्यातून दुपारी उजेड येतो आणि गरम हवा निघून जाते. ज्या वास्तुरचनाकाराला आम्ही कधी भेटलो नाही, त्याचा हेतू आम्हाला एका गवंड्याने आमच्याच भिंतीत दाखवला. स्थानिक कारागिरावर भिस्त ठेवण्याच्या तत्त्वाला यापेक्षा चांगला पुरावा माझ्याकडे नाही.

सगळ्या वसाहतीत असे घडले नाही. गेल्या वीसेक वर्षांत अनेक कुटुंबांनी मूळ घर पूर्ण पाडून आरसीसीचे दोन-तीन मजली बंगले बांधले आहेत, ज्यांच्या भिंती भूखंडाच्या कडेपर्यंत आल्या आहेत. त्यांना दोष देणे मला न्याय्य वाटत नाही. कौलारू घराची निगा हे दरवर्षीचे काम आहे. मे महिन्यात कौले चाळावी लागतात, फुटकी बदलावी लागतात, वासे वाळवीपासून जपावे लागतात, आणि चांगली कौले व ती शाकारणारा माणूस, दोन्ही दुर्मीळ होत चालले आहेत. ज्या कुटुंबात तीन पिढ्या एकत्र राहतात त्यांना दोन खोल्या पुरणार नाहीत. घर वाढेल हे आराखड्याने ओळखले होते. जमिनीचा भाव इतका चढेल की वाढवण्यापेक्षा पाडून बांधणे लोकांना सोयीचे वाटेल, हे त्या काळी कोणाला दिसणे कठीण होते. माझ्या मते अशा वसाहतींना बांधून झाल्यावरही वर्षानुवर्षे सल्ला देणारी एक खिडकी हवी, जिथे रहिवासी आपला नकाशा घेऊन जाईल आणि ऊन, वारा, पाणी आणि शेजार यांचा विचार करून कोणी तरी तो पाहील. बांधकामाची परवानगी देणारी यंत्रणा चटई क्षेत्र मोजते. शेजाऱ्याच्या ओट्यावरचे ऊन मोजणारे कोणी नसते.

मोटारींचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. ही वसाहत पायी चालणाऱ्यांसाठी रचली गेली आणि चौकांत वाहन यावे अशी कल्पनाच तिच्यात नाही. आता घरटी एक तरी गाडी आहे. कडेच्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंनी गाड्या लागतात, काही ठिकाणी त्या मोठ्या मोकळ्या जागांत शिरल्या आहेत, आणि रात्री रुग्णवाहिका आत आणायची झाली तर दोन-तीन घरांच्या घंट्या वाजवाव्या लागतात. आमच्या चौकात दुचाकीही हाताने ढकलत आणायची असा प्रघात आहे आणि तो पाळला जातो, पण तोही सात घरांनी ठरवला म्हणून.

येथे घर घ्यावे का, असे मला अनेक जण विचारतात. ज्याला दार लावून घेतले की कोणाशी संबंध नको आहे, त्याने घेऊ नये. येथे आजारपण, पाहुणे आणि पोरांचे निकाल सातही घरांना कळतात. ज्याला घराच्या दुरुस्तीत स्वतः लक्ष घालायला वेळ नाही, त्यानेही विचार करावा, कारण येथे छप्पर, गटार आणि झाड या तिन्हींची काळजी आपली आपण घ्यावी लागते. लहान मुले आणि म्हातारी माणसे ज्या घरात आहेत त्यांना मात्र नवी मुंबईत याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. घर पाहायला जाल तेव्हा दलालाबरोबर आत जाण्याआधी अर्धा तास चौकात बसा. चौक झाडलेला आहे का, पाण्याच्या पन्हळी कुठे उतरतात, ओट्यांवर माणसे दिसतात का, हे पाहा. खोल्या नंतर बदलता येतात. पाहणे पावसाळ्यात ठेवलेत तर उत्तम, कारण तेव्हा कोणाचे पाणी कोणाकडे जाते हे लपत नाही. विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे आहे की लहान चौक ही वाट नाही, ती सात घरांची बैठक आहे. फोटो काढण्याआधी विचारले तर कोणी नाही म्हणत नाही.

२००७ च्या त्या प्रकारानंतर आमच्या चौकाने एका साध्या वहीत तीन नियम लिहून काढले: चौकावर छज्जा काढायचा नाही, ज्याचे पाणी त्याने आपल्या हद्दीत उतरवायचे, आणि बांधकामाचे सामान चौकात पंधरा दिवसांपेक्षा जास्त ठेवायचे नाही. खाली सात सह्या आहेत. कायद्याने त्या वहीला काही किंमत नाही. या वर्षी कोपऱ्यावरचे घर विकले गेले आणि एका तरुण जोडप्याने ते घेतले. त्यांना घर वाढवायचे आहे. गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी ते एका वास्तुरचनाकार मुलीला घेऊन आले, नकाशा आमच्या ओट्यावर पसरला आणि वारा होता म्हणून चारही कोपऱ्यांवर कुंडीतले दगड ठेवले. वही तिच्यासमोर उघडून ठेवली होती. आजी आता नव्वदीच्या आहेत, त्यांना नकाशा दिसत नव्हता, म्हणून त्यांनी खुर्चीतूनच विचारले, "पोरी, पाणी कुठे पडणार तुझं?" तिने नकाशा वळवून घेतला, पेन्सिल काढली आणि छपराचा उतार बदलून दाखवला.